घर कोणाच्या ऑफिसजवळ घ्यायचं? लातूर ते पुणे : भाड्याच्या एका घराचं प्रकरण

कुटुंब तिघांचं, लातूरचं. नवऱ्याला पुण्याजवळच्या हिंजवडी आयटी पार्कच्या तिसऱ्या टप्प्यातल्या एका कंपनीत नोकरी लागली आहे. हातात पगार ५८,०००, वेळ दुपारी एक ते रात्री दहा. बायको लॅब टेक्निशियन. तिला शिवाजीनगरला काम मिळालं आहे : २४,००० रुपये, साडेनऊ ते साडेपाच, महिन्याला २५ दिवस. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल. नोकरी २ जूनला सुरू होणार आणि घर शोधायला मे महिना आहे. हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. रकमा हिशेब दिसावा म्हणून घेतल्या आहेत, आपल्या वेळी त्या बदलून घ्याव्यात. हिशेबाची रीत मात्र तीच राहते.

दोघांच्या मनात पहिला विचार आला तो बहुतेकांच्या मनात येतो तोच : हिंजवडीत नोकरी, म्हणजे हिंजवडीजवळ घर. तिसऱ्या टप्प्याला लागून माण आणि मारुंजी आहेत. तिथे नव्या मोठ्या सोसायट्या आहेत आणि वाकड-बाणेरच्या मानाने भाडं कमी आहे. दोन बेडरूमचं घर १५,००० ला मिळत होतं. फोनवरच टोकन द्यायची तयारी झाली होती.

ते थांबले ते एका साध्या प्रश्नामुळे. दोघांपैकी गर्दीच्या वेळी प्रवास कोण करणार? नवरा दुपारी बाराच्या सुमाराला निघणार आणि रात्री दहानंतर परतणार. हिंजवडीच्या वाटेवरचे भूमकर चौक, डांगे चौक आणि वाकडचा पूल यांची नावं ऐकून लोक धास्तावतात ते सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ या वेळांमुळे. त्या वेळांत त्याला रस्त्यावर असायचंच नाही. १३ किलोमीटर लांब राहिला तरी दुचाकीवरून अर्ध्या-पाऊण तासात पोहोचेल. बायकोचा प्रवास मात्र दोन्ही वेळा ऐन गर्दीतला, आणि संध्याकाळी मुलीला पाळणाघरातून आणणारी तीच. म्हणून घर नवऱ्याच्या कंपनीजवळ नको, बायकोच्या वाटेवर हवं. शिफ्ट बघितल्याशिवाय भाग ठरवू नये. घर शोधताना सगळ्यात जास्त पैसे आणि तास इथेच वाया जातात, आणि नेमका याच गोष्टीचा विचार कमी होतो.

तिची वाट म्हणजे मेट्रो. पिंपरी-चिंचवड महापालिका ते स्वारगेट या मार्गिकेवर कासारवाडी, फुगेवाडी, दापोडी, बोपोडी, खडकी अशी स्थानकं येतात आणि पुढे शिवाजीनगर. स्वारगेटपर्यंतची ही मार्गिका सप्टेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाली. रस्त्यावर कितीही कोंडी असली तरी हिला लागणारा वेळ तोच राहतो. मग प्रश्न असा झाला : महापालिकेच्या स्थानकापासून शेअर रिक्षाच्या टप्प्यात कोणता भाग आहे, जिथून हिंजवडीलाही सरळ जाता येईल? उत्तर निघालं काळेवाडी. पवनेचा पूल ओलांडला की पिंपरी, आणि दुसऱ्या बाजूने काळेवाडी फाट्यावरून वाकडमार्गे हिंजवडी. थेरगाव आणि रहाटणी हेही याच पट्ट्यात येतात.

(जाहिरातीत ‘मेट्रोजवळ’ लिहिलेलं असलं तर दोन गोष्टी तपासाव्यात : ते स्थानक आज चालू आहे का, आणि पायी किती मिनिटं लागतात. कागदावरच्या स्थानकाचं भाडं आजपासून देण्यात अर्थ नाही.)

तीन घरांचा खरा हिशेब

तीन पर्याय उरले : माण, वाकड आणि काळेवाडी. प्रत्येकाचं भाडं एकाखाली एक लिहिलं तर माण जिंकतं. पण महिन्याला खिशातून जातं ते नुसतं भाडं नसतं. त्यात मेंटेनन्स, टँकर, पेट्रोल, तिकीट आणि या घरात तर पाळणाघरही आहे. पाळणाघर तासांवर चालतं. आई साडेसहाला पोहोचली तर एक दर, आठला पोहोचली तर दुसरा. त्यामुळे घर लांब गेलं की पाळणाघराची फीसुद्धा वाढते.

दुचाकीचा खर्च असा धरला : लिटरला ४५ किलोमीटर, पेट्रोल १०५ रुपये, शिवाय टायर-ऑइल-सर्व्हिसिंगसाठी किलोमीटरमागे १ रुपया. महिन्याचे दिवस २२.

माणचं घर : भाडं १५,०००, मेंटेनन्स २,५००, उन्हाळ्यातला टँकरचा वाटा वर्षावर पसरून महिन्याला ७००. नवऱ्याचे जाऊन-येऊन १० किलोमीटर, म्हणजे ७५० च्या आसपास. बायकोची बस ५० रुपये एका बाजूला, २५ दिवसांचे २,५००. पाळणाघर आठपर्यंत, ६,५००. एकूण २७,९५०. तिचा प्रवास रोज साडेतीन तास.

वाकडचं घर : भाडं मेंटेनन्ससह २६,०००, दुचाकी १,३२०, बस २,०००, पाळणाघर ५,५००. एकूण ३४,८२०. हे लगेच बाद झालं. घर, प्रवास आणि पाळणाघर मिळून ३०,००० च्या आत बसवायचं हे दोघांनी आधीच ठरवलं होतं.

काळेवाडीचं घर : भाडं १८,५००, मेंटेनन्स १,५००, दुचाकी १,९००, शेअर रिक्षा आणि मेट्रो मिळून रोजचे १०० म्हणजे २,५००, पाळणाघर सातपर्यंत ४,५००. एकूण २८,९००. तिचा प्रवास रोज दोन तास.

म्हणजे भाड्यात दिसणारा ३,५०० चा फरक प्रत्यक्षात ९५० वर आला, आणि त्या ९५० रुपयांत तिचे रोजचे दीड तास परत मिळाले. महिन्याचे जवळजवळ ३८ तास. मुलीसाठी संध्याकाळी साडेसहाला घरी असणं आणि आठला घरी असणं यातला फरक कोणत्याही रकमेत मांडता येत नाही. पहिलीतल्या मुलीच्या आई-वडिलांना तो समजावून सांगायची गरजही नाही.

एक इशारा. नवऱ्याची शिफ्ट सहा महिन्यांनी सकाळची होऊ शकत असेल, तर हा हिशेब पुन्हा मांडावा लागेल. रुजू होण्याआधी एचआरला हा एक प्रश्न ईमेलने विचारून ठेवावा.

शोधताना काय घडलं

ऑनलाइन जाहिरातींतून पहिल्या आठवड्यात ज्या घरावर नजर बसली ते वाकडमधलं, फर्निचरसह, १४,००० चं. फोटो सुंदर. ‘मालक’ म्हणाला, मी निमलष्करी दलात आहे, बदली झाली आहे, घर बघायला सोसायटीचा गेट पास लागतो, त्याचे २,५०० रुपये भरा, परत मिळतील. नंतर क्यूआर कोड आला : ‘स्कॅन करा, एक रुपया पाठवून खातं तपासतो.’ ही फसवणूक जुनी आहे आणि रोज चालते. घर बघण्यासाठी पैसे लागत नाहीत. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. भाडं आजूबाजूच्या दरापेक्षा निम्म्यावर आलं की फोटो दुसऱ्याच कुणाच्या घराचे आहेत असं समजून चालावं. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आली तरच काही हाती लागतं, म्हणून तासाभराचा उशीरही महागात पडतो.

वाकडच्या दुसऱ्या एका घरात वेगळाच पेच होता. मालक परदेशात स्थायिक. घरमालक अनिवासी असेल तर भाडं कितीही कमी असलं तरी त्यातून कर कापून सरकारकडे भरण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते. दर उपकरासह साधारण ३१.२ टक्के. त्यासाठी भाडेकरूला टॅन (कर कापणाऱ्याला मिळणारा क्रमांक) काढावा लागतो आणि दर तिमाहीला विवरण भरावं लागतं. दलाल हे सांगत नाही, बहुतेक वेळा त्यालाही माहीत नसतं. पुण्यात अशी घरं खूप आहेत. ‘मालक कुठे राहतात?’ हा प्रश्न पहिल्याच फोनवर विचारावा.

काळेवाडीतलं घर मात्र कुठल्याही संकेतस्थळावर नव्हतं. या जुन्या वस्त्यांमध्ये घरं अजूनही पाटीवर, वॉचमनकडून आणि किराणा दुकानदाराकडून जातात. दोघांनी शनिवार-रविवार धरून दोन दिवस पायी फिरून २६ पाट्यांवरचे नंबर घेतले, ११ घरं आतून बघितली. थेट मालकाची पाटी सापडली तर दलाली वाचते. यांना मिळालं ते दलालामार्फत, एका महिन्याचं भाडं देऊन. दलाली किती, ती कधी द्यायची आणि नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा मागणार का, हे घर बघण्याआधी व्हॉट्सॲपवर लिहून घेतलं. नंतर तोच मेसेज कामी आला.

याच भागात आणखी दोन चौकशा कराव्या लागतात. एक, इमारत पवनेच्या पूररेषेत येते का. नदीकाठच्या सखल गल्ल्यांत पावसाळ्यात धरणातून विसर्ग वाढला की पाणी शिरतं, आणि मे महिन्यात बघणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. शेजारच्या दुकानदाराला ‘गेल्या पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत आलं होतं?’ असं विचारलं की तो हात करून दाखवतो. दुसरी, इमारत परवानगीची आहे का. पिंपरी-चिंचवडमध्ये विनापरवाना बांधकामं भरपूर आहेत आणि तिथलं भाडं कमी असण्यामागे कधी कधी हेच कारण असतं.

पाणी, भिंत, वीज

पिंपरी-चिंचवड महापालिका नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी देते. त्यामुळे इथे ‘पाणी येतं का?’ हा प्रश्न अपुरा आहे. साठवण किती, हे विचारायचं. माणशी रोज १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं प्रचलित प्रमाण. वीस घरांची इमारत, घरी चार माणसं, म्हणजे रोज १०,८०० लिटर. दिवसाआड पुरवठा, म्हणजे दोन दिवसांसाठी २१,६००. खालची आणि वरची टाकी मिळून तेवढी क्षमता नसेल तर टँकर किंवा बोअरवेल आलंच. या इमारतीत सेक्रेटरींनी खालची १५,००० आणि वरची १०,००० लिटर सांगितली. पुरेसं होतं. माणच्या सोसायटीत हाच प्रश्न विचारल्यावर ‘टँकर येतो ना’ एवढंच उत्तर आलं होतं, आणि टँकरचं बिल कोणाच्या नावावर टाकतात हे कुणी सांगितलं नव्हतं.

इमारतीत दोन घरं रिकामी होती : चौथ्या मजल्यावरचं १७,००० ला आणि तिसऱ्यावरचं १८,५०० ला. चौथा मजला सगळ्यात वरचा, लिफ्ट नाही. १,५०० वाचवायचा मोह होता. पण बेडरूमच्या एकाच कोपऱ्यात, छताला लागून, हातभर पट्टा ताज्या रंगाचा होता आणि बाकी भिंत जुनीच. मे महिन्यात एवढाच तुकडा कुणी हौसेने रंगवत नाही. गच्चीतून गळती होती आणि ती झाकली होती. तिथे बोट दाबून बघितलं तर रंगाखालचा गिलावा भुसभुशीत लागला. तिसरा मजला नक्की झाला.

घर दोनदा बघितलं : एकदा सकाळी साडेसातला, पाणी येण्याच्या दिवशी, आणि एकदा रात्री. सकाळी वीस लिटरची बादली स्वयंपाकघरातल्या नळाखाली किती वेळात भरते ते मोजलं, फ्लश दोनदा चालवला, मोरीत बादलीभर पाणी ओतून ते तुंबतं का ते बघितलं. गीझरच्या जागी मोठा पॉइंट आहे का, मोबाइलला बेडरूममध्ये रेंज मिळते का, खिडक्यांना जाळी आहे का, तेही पाहिलं. रात्री बघितलं ते रस्त्यावरचे दिवे, कुत्री आणि पार्किंग. नवरा अकराच्या सुमाराला घरी येणार असल्यामुळे हे महत्त्वाचं होतं. दुचाकीची जागा ठरलेली नव्हती, ती नंतर करारात लिहून घेतली.

मालक खरा कोण?

महावितरणचं बिल मागितलं तर त्यावर नाव बिल्डरचं. अशा वेळी घाबरून मागे फिरायचं कारण नाही, अनेक जुन्या इमारतींत नाव बदललेलंच नसतं. पण तेवढ्यावर विश्वासही ठेवू नये. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये खरेदीखताचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा गोषवारा, बघता येतो. त्यात नाव मालकाचं होतं, मालमत्ता कराच्या पावतीवरही तेच. विजेची थकबाकी मात्र २,१०० रुपये निघाली. ग्राहक क्रमांक टाकून ती मोबाइलवरही दिसते. मालकाने ती किल्ली देण्याआधी भरायचं मान्य केलं. मालकाऐवजी भाऊ किंवा मुलगा सही करणार असेल तर कुलमुखत्यारपत्र बघितल्याशिवाय अनामत देऊ नये.

भाड्याऐवजी ‘हेवी डिपॉझिट’, म्हणजे आठ-दहा लाख द्या आणि भाडं शून्य, असाही एक प्रस्ताव मध्येच आला होता. त्या घरावर बँकेचं कर्ज असेल आणि हप्ते थकले, तर बँक घर ताब्यात घेते आणि भाडेकरूची रक्कम अडकते. आयुष्याची बचत दुसऱ्याच्या कर्जाच्या भरवशावर ठेवू नये.

अकरा महिने कशासाठी?

दलालाने तयार मसुदा पाठवला, ११ महिन्यांचा. हा आकडा पाठ झालेला आहे. एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची नाही, या सर्वसाधारण नियमातून ही सवय आली. महाराष्ट्रात ती पळवाट उरलेली नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा (घर ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वाद झाल्यास अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे.

नोंदणी करायचीच आहे, तर मग ती ११ महिन्यांची का? या कुटुंबाने २४ महिन्यांचा करार मागितला. मुद्रांक शुल्क निघतं असं : पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. पहिलं वर्ष १८,५०० ने २,२२,०००. दुसऱ्या वर्षी ५ टक्के वाढ, १९,४२५ ने २,३३,१००. अनामत ५०,०००, तिचं दोन वर्षांचं व्याज १०,०००. बेरीज ४,६५,१००, तिचे ०.२५ टक्के म्हणजे सुमारे १,१६३ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. दोन्ही मिळून २,२०० च्या आतबाहेर, वर थोडं हाताळणी शुल्क आणि एजंटची फी. एजंट घरी येऊन आधारवर बोटांचे ठसे घेतो आणि वेबकॅमवर फोटो काढतो. मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार एवढे लागतात. या एजंटने ४,००० सांगितले. सरकारी रक्कम किती आणि तुमची किती, असं वेगळं विचारलं की आकडा बहुधा खाली येतो.

११ महिन्यांचे दोन करार केले असते तर नोंदणी फी दोनदा, एजंट दोनदा, आणि दलालाने नूतनीकरणासाठी मागितलेली अर्ध्या महिन्याची दलाली, ९,२५०. शिवाय भाडं किती वाढणार हे मालकाच्या मनावर. २४ महिन्यांत ५ टक्के लिहून घेतल्याने तो प्रश्नच संपला. मालकाची शंका रास्त होती : ‘मला मध्येच घर लागलं तर?’ त्यावर तोडगा असा निघाला की पहिले सहा महिने दोघेही बांधलेले, त्यानंतर कोणीही एक महिन्याची लेखी सूचना देऊ शकेल. मालकाचं समाधान झालं.

मसुद्यातल्या आणखी काही ओळी बदलाव्या लागल्या. ‘घर सोडताना एका महिन्याचं भाडं रंगकामासाठी कापलं जाईल’ ही पहिली. ती बदलून ‘नेहमीच्या वापरापलीकडे नुकसान झाल्यास तेवढाच खर्च’ अशी केली. अनामत किल्ली परत देण्याच्या दिवशीच बँकेतून मिळेल, असं घातलं. मसुद्यात ‘नंतर तीस दिवसांत’ होतं, आणि तीस दिवसांनी फोन न उचलणारे मालक कमी नाहीत. मेंटेनन्सचे १,५०० ठरीव. मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी लावते तो आकार, जो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, तो मालकाकडे. गळती आणि नळजोडणीची मोठी दुरुस्तीही मालकाकडे. अनामतीच्या बँक व्यवहाराचा क्रमांक करारातच लिहिला.

अनामत तीन महिन्यांची मागितली होती, ५५,५००. केंद्राच्या २०२१ च्या नमुना कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे, पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. त्यामुळे कायदा दाखवून काही कमी होत नव्हतं. दोन वर्षांचा करार आणि दर महिन्याच्या ३ तारखेला आपोआप भाडं जमा होण्याची बँकेतली सूचना, या बदल्यात मालक ५०,००० वर आले.

हातात किती रोकड लागली

अनामत ५०,०००, दलाली १८,५००, पहिलं भाडं १८,५००, करार ४,०००, लातूरहून सामानाचा टेम्पो १८,०००. एकूण १,०९,०००, आणि पहिला पगार जूनअखेरीआधी नाही. काही कंपन्यांत महिन्याच्या मध्यानंतर रुजू झालं तर पगार पुढच्या महिन्यात जातो, म्हणून दीड महिन्याचा घरखर्च वेगळा काढला. कंपनी स्थलांतराचा खर्च देणार होती, पण बिलांवर. टेम्पोवाला आणि दलाल दोघांकडून नाव-पत्त्याचं पक्कं बिल आधीच ठरवून घेतलं. नंतर मागितलं की ‘जीएसटी पडेल साहेब’ हे उत्तर ठरलेलं असतं.

घरभाड्याची करसवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. तीत राहायचं असेल तर वर्षाचं भाडं १ लाखावर असल्यामुळे मालकाचा पॅन कंपनीला द्यावा लागतो. पॅन करारात होताच.

किल्ली घेतली त्या दिवशी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढला, मीटरच्या आकड्याचा फोटो काढला, पंखे-दिवे-नळांची यादी केली आणि हे सगळं मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवून ‘मिळालं’ एवढं उत्तर घेतलं. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं मालकाचं काम, पण ती दिल्याची प्रत आपल्याकडे मागून ठेवली. नोंदणीकृत करारावर गॅसची जोडणी आणि शाळेचा पत्ता दोन्ही झालं.

करार ३१ मेला संपतो. मुदत संपल्यावर नवा करार न करता तोंडी राहत राहिलं, तर त्याच १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ नुसार मालक दुप्पट भाड्याइतकी भरपाई मागू शकतो. जूनमध्ये शाळा आणि नोकऱ्या सुरू होत असल्यामुळे मे महिन्यात घरांना सगळ्यात जास्त मागणी असते. म्हणून नूतनीकरणाची बोलणी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात करायची, अशी नोंद दोघांनी फोनच्या कॅलेंडरमध्ये आत्ताच टाकली आहे.